बिनदोरीच्या फोनचे पथ्यपाणी

वस्तू घरात आली की तिच्याबरोबर तिचे पथ्यही घरात यावयास हवे. आपल्याकडे बहुधा वस्तू आधी येते आणि पथ्य पुष्कळ मागाहून, काही अघटित घडल्यावर, येते. रॉकेलच्या स्टोव्हचे असेच झाले, प्रेशर कुकरचे झाले आणि गॅसच्या शेगडीचेही झाले. या महिन्यात ज्या वस्तूविषयी लिहावयाचे योजिले आहे ती दिसावयास अगदी निरुपद्रवी आहे. तिला धार नाही, तिच्यात ज्वाळा नाही, तिचा धूर होत नाही. ती म्हणजे घरातील बिनदोरीचा दूरध्वनी. आपण सर्वजण ज्याला सरसकट ‘कॉर्डलेस’ म्हणतो तो.

कोणी म्हणेल, हातोहाती मोबाइल आलेले असताना या जुन्या विषयाचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. बाजवा, छाणी, फर्टिलायझरनगर, करोडिया या आमच्या पट्ट्यात काय किंवा बडोदे शहरातील दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या वस्त्यांत काय, मराठी घरांचे एक चित्र अलीकडे फार सामान्य झाले आहे. घरात दोन वृद्ध जीव, मुलगा पुण्यास किंवा बंगळूरला, मुलगी परदेशी. काचेच्या पडद्यावर बोट सरकविण्याचा या वडीलधाऱ्यांना कंटाळा असतो. दृष्टी मंद, बोटे थरथरती. ठळक आकड्यांची बटणे असलेला कॉर्डलेस त्यांना जवळचा वाटतो. शिवाय इंटरनेटसाठी घरात फायबरची तार घेतली की तिच्या जोडीला दूरध्वनीचा क्रमांकही पुष्कळदा मिळतो आणि त्या खोक्याला कोणी ना कोणी कॉर्डलेसच जोडून देतो. म्हणजे अडीअडचणीच्या वेळी ज्यांना फोनची सर्वांत अधिक गरज, त्यांच्याच हाती हे साधन आहे. म्हणून त्याचा विचार अगत्याचा ठरतो.

थोडे मागे वळून पाहू. आपल्या देशात मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनीची एक्स्चेंजे सुरू झाली ती १८८२ च्या जानेवारीत. तेव्हापासून सुमारे शंभर वर्षे घरचा फोन ही दुर्मीळ गोष्ट होती. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मिळे तो संच काळा, जड, तबकडीचा. बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये बनलेला आणि खात्याच्याच मालकीचा. दिवाणखान्यात तिपाईवर, विणलेल्या रुमालाखाली तो विराजमान असे. पुण्या-मुंबईहून ट्रंक कॉल आला की आधी छातीत धस्स होई, कारण आनंदाची बातमी पत्राने येण्याइतका धीर धरी, दुःखाची मात्र धरीत नसे. १९८४ मध्ये सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेची स्थापना झाली, देशी बनावटीची एक्स्चेंजे तयार होऊ लागली आणि पुढे गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे पीसीओ दिसू लागले. या कार्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते सॅम पित्रोदा आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचेच विद्यार्थी, ही बडोदेकरांना अभिमानाची गोष्ट. त्याच सुमारास ग्राहकांकडील संच बनविण्यास खासगी कारखानदारांना मुभा मिळाली. तबकडी गेली, बटणे आली आणि बटणांपाठोपाठ दोरीही गेली.

ही दोरी गेल्याने नेमके काय बदलले, ते समजून घेतले की पुढची सारी पथ्ये आपोआप समजतात. कॉर्डलेसचे दोन भाग असतात. एक ‘बेस’, म्हणजे बैठक. ती एका बाजूने दूरध्वनीच्या तारेला आणि दुसऱ्या बाजूने भिंतीतील विजेच्या प्लगला जोडलेली असते. दुसरा भाग म्हणजे हातात घेऊन फिरावयाचा रिसीव्हर. या दोहोंमध्ये वेटोळ्यांची दोरी होती तिची जागा रेडिओच्या लहरींनी घेतली आहे. म्हणजे बैठक हे एक चिमुकले रेडिओ केंद्र आहे आणि रिसीव्हर हेही एक रेडिओ केंद्रच. बैठकीला चालण्यास घरची वीज लागते, रिसीव्हरला बॅटरी लागते आणि दोघांना बोलण्यास लहरी लागतात. जुन्या काळ्या फोनला यांपैकी एकाचीही गरज नव्हती. वीज, बॅटरी आणि लहरी असे हे तीन नवे आश्रय होत. आणि जेथे आश्रय असतो तेथे तो सुटण्याची भीतीही असते.

प्रथम विजेविषयी. तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या साध्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधूनच, त्याच तारेने, येते. तेथे मोठमोठ्या बॅटऱ्यांवर सुमारे ४८ व्होल्टचा दाब सतत राखलेला असतो. त्यामुळे सबंध गाव अंधारात बुडाले तरी दोरीचा साधा फोन बोलतो. कॉर्डलेसचे तसे नाही. घरची वीज गेली की बैठक मुकी होते आणि हातातील रिसीव्हरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिचा काडीचा उपयोग होत नाही, कारण तिचे बोलणे पुढे नेणारेच कोणी उरत नाही. ही साधी गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. रिसीव्हरच्या पडद्यावर बॅटरीचे चित्र भरलेले दिसते आणि आपण निर्धास्त राहतो.

बडोद्याला या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीने पुन्हा धोक्याची पातळी पुष्कळ मागे टाकली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सैन्याला पाचारण करावे लागले, वस्तीत मगरी निघाल्या. पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद ठेवणे हे जीविताच्या रक्षणासाठी आवश्यकच असते. कित्येक ठिकाणी ती बराच काळ बंद राहिली. माझ्या परिचयातील एक वृद्ध दांपत्य त्या दिवसांत वरच्या मजल्यावर अडकले होते. त्यांची तार तांब्याची, शाबूत होती. पण तिला जोडलेला होता तो एकटा कॉर्डलेस. परदेशातील मुलगा फोन लावीत होता. त्याला पलीकडून घंटा व्यवस्थित ऐकू येई. घरात मात्र घंटा वाजतच नव्हती.

हे असे का होते, ते नीट ध्यानात घ्यावे. फोन करणाऱ्याच्या कानी जी घंटा पडते ती आपल्या घरातील घंटेचा आवाज नसतो. ती एक्स्चेंज त्याला ऐकवीत असते. एक्स्चेंज आपल्या तारेत घंटेचा इशारा सोडते, तिकडे फोन करणाऱ्याला घंटा ऐकवते. परंतु तारेच्या टोकाशी असलेली बैठक विजेविना निपचित पडलेली असल्याने घरात चिटपाखरूही जागे होत नाही. मुलाला वाटते, आईबाबा फोन उचलीत नाहीत. आईबाबांना वाटते, मुलाला सवड नाही किंवा साऱ्या तारा तुटल्या आहेत. दोन्ही बाजूंची माणसे काळजीने अर्धी होतात आणि मध्ये धडधाकट तार रिकामी पडून राहते. सुदैवाने त्या दांपत्याची हकीकत सुखरूप संपली. पण शेजारचे तरुण बोट घेऊन येईतो दीड दिवस गेला. माळ्यावर टाकून दिलेला जुना बटणांचा दोरीचा फोन त्या तारेला लावला असता, तर पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही घरांचा जीव भांड्यात पडला असता.

म्हणून पहिले पथ्य : घरात कॉर्डलेस जरूर असावा, पण दोरीचा एक साधा संच त्याच्या जोडीला असावाच. जुना संच भंगारात देऊ नये. तो शे-दीडशे रुपयांत जाईल, पण अडचणीच्या वेळी हजारो रुपये मोजूनही त्याची जागा भरून निघणार नाही. एकाच तारेला दोन संच लावण्यासाठी मिळणारा छोटा जोड कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात असतो.

मात्र येथे एक नवी मेख आहे आणि ती जुन्या पिढीने विशेष लक्षात ठेवावयास हवी. तांब्याच्या तारा आता ठिकठिकाणी काढल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी फायबर, म्हणजे काचेचा तंतू, येत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे फायबरवरचा फोन, मग तो दोरीचा असो वा बिनदोरीचा, एक्स्चेंजच्या विजेवर चालू शकत नाही. भिंतीवरील ते मिचमिचत्या दिव्यांचे खोके घरच्या विजेवर चालते आणि वीज गेली की तेही झोपी जाते. क्रमांक जुनाच राहिलेला असतो, संच जुनाच असतो, म्हणून आपल्याला वाटते की फोनही जुनाच आहे. तो जुना राहिलेला नसतो. आपल्या घरी तांबे आहे की काच, हे जोडणी करणाऱ्या माणसाला आजच विचारून घ्यावे. काच असेल तर त्या खोक्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा यूपीएस मिळतो, तो बसवावा. इन्व्हर्टर असेल तर खोके आणि कॉर्डलेसची बैठक, दोन्ही त्याच्याच प्लगवर घ्यावीत; पुष्कळदा एक घेतात आणि दुसरे विसरतात.

याची परीक्षा करण्यास इंजिनिअर लागत नाही. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, घरचा मेन स्विच बंद करावा आणि मोबाइलवरून घरच्या क्रमांकास फोन लावावा. घंटा घरात वाजली तर उत्तम. न वाजली तर आपला फोन पुराच्या रात्रीही वाजणार नाही, हे निश्चित जाणावे. शाळेत आम्ही सहामाही परीक्षा घेतो ती मुलांना नापास करण्यासाठी नव्हे. वार्षिक परीक्षेपूर्वी कच्चे विषय कळावेत म्हणून. ही परीक्षाही तशीच समजावी.

आमच्या बाजव्याला पुराबरोबर आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. एका अंगाला खतांचा कारखाना, दुसऱ्या अंगाला कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना. या कारखान्यांनीच येथील कितीतरी मराठी कुटुंबांना गेली साठ वर्षे अन्न दिले आहे, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तथापि ११ नोव्हेंबर २०२४ रोजी कोयलीच्या कारखान्यात बेंझिनच्या टाकीचा स्फोट होऊन आग लागली, त्यात दोघांचा बळी गेला आणि तो आवाज कित्येक किलोमीटर दूरपर्यंत ऐकू गेला, हेही आपण अनुभवले आहे. अशा क्षणी सारे गाव एकाच वेळी मोबाइल उचलते आणि यंत्रणेवर ताण पडून फोन लागेनासा होतो. घरातील तारेचा फोन चालू असणे हा त्या वेळी मोठा आधार असतो.

विजेच्या संदर्भात आकाशातील विजेचाही विचार करावयास हवा. येथे मात्र पारडे उलट फिरते. मेघगर्जना चालू असताना तांब्याच्या तारेवरचा दोरीचा फोन कानाला लावणे धोक्याचे आहे. जवळपास वीज पडल्यास तिचा झटका तारेवाटे कानापर्यंत पोहोचू शकतो. कॉर्डलेसचा रिसीव्हर त्या वेळी अधिक सुरक्षित, कारण तो कोणत्याही तारेला जोडलेला नसतो. बैठक मात्र दोन्ही बाजूंनी तारेत अडकलेली असल्याने ती जळू शकते. म्हणून वादळ चढू लागताच, प्रत्यक्ष गडगडाट सुरू होण्यापूर्वीच, बैठकीची दोन्ही पिने काढून ठेवावीत; डोक्यावर वीज कडाडत असताना त्यांना हात लावू नये. थोडक्यात, वीज गेली असता दोरीचा फोन कामाचा आणि वीज कडाडत असता बिनदोरीचा. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणूनच घरात दोघांना जागा द्यावी. बैठक जमिनीलगत ठेवू नये, हे आमच्या भागात वेगळे सांगावयास नको. आणि पुराच्या पाण्यात भिजलेली बैठक वाळलेली दिसली म्हणून पुन्हा प्लगात घालू नये.

आता परदेशातून आलेल्या संचांविषयी. चिरंजीव अमेरिकेहून येताना मोठ्या हौसेने उत्तम कॉर्डलेस घेऊन येतात. वस्तू उत्तम असते, पण ती त्या देशाच्या विजेसाठी आणि त्या देशाच्या लहरींसाठी बनविलेली असते. तेथे घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. तेथील अडॅप्टर येथील प्लगात सरळ घातल्यास तो तापून जळण्याचा संभव असतो. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच तो येथे चालेल. भिंगाने वाचावे, पण वाचल्याशिवाय लावू नये. दुसरी बाब लहरींची. युरोपात कॉर्डलेससाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखलेला आहे. अमेरिकेत त्याच पद्धतीचे संच १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात. तेथे मोकळा असलेला पट्टा दुसऱ्या देशात मोबाइलसाठी दिलेला असू शकतो आणि मग आपला संच दुसऱ्यांच्या दळणवळणात व्यत्यय आणतो. कोणत्या लहरी कोणी वापराव्यात हे आपल्या देशात सरकार ठरविते आणि त्याचा भंग हा कायद्याचा भंग होतो. तेव्हा संच येथील बाजारातून, पावतीसह, घ्यावा हेच श्रेयस्कर. मुलाच्या प्रेमाची खूण दुसऱ्या कोणत्याही वस्तूत मावते.

दुसरा आश्रय बॅटरीचा. रिसीव्हरमध्ये असतात ते सेल पुन्हापुन्हा भरता येण्याजोगे असतात. जुन्या संचांत ते निकेल-कॅडमियमचे असत, नव्यांत बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. दिसावयास ते घड्याळातल्या किंवा रिमोटमधल्या सेलसारखेच आणि पुष्कळदा त्याच आकाराचे. घोटाळा तेथेच होतो. सेल निकामी झाले की घरातील कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधे सेल आणून बसवितो. फोन सुरू होतो आणि सारे समाधान पावतात. पण साधा सेल भरण्यासाठी बनविलेला नसतो. रिसीव्हर बैठकीवर ठेवताच बैठक त्यालाही भरू लागते. मग तो तापतो, गळतो, क्वचित फुटतोही. भरता येणाऱ्या सेलवर १.२ व्होल्ट असे लिहिलेले असते आणि साध्यावर १.५ व्होल्ट. ही खूण ज्याला वाचता येते त्याची फसगत होणार नाही. सेल बदलताना संचाच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे घ्यावेत आणि पहिल्यांदा रात्रभर भरू द्यावेत.

दोन-तीन वर्षांत सेल थकतात. पाच मिनिटांच्या बोलण्यात टुकटुक आवाज येऊ लागला की ते बदलावयास झाले असे समजावे. ऐन निकडीच्या वेळी अर्ध्या वाक्यात फोन बंद पडण्याची वाट पाहू नये. जुने सेल केराच्या टोपलीत टाकू नयेत, चुलीत तर मुळीच नाही. कॅडमियम हा विषारी धातू आहे. तो मातीत आणि पाण्यात उतरतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुने सेल घरच्या कचऱ्यापासून वेगळे ठेवून जमा करणाऱ्यांकडेच द्यावयाचे असतात. नातवंडांच्या हाती तर ते कधीच लागू देऊ नयेत.

तिसरा आश्रय लहरींचा. आणि लहरींना भिंत नसते. १९८० च्या दशकातील कॉर्डलेस ४६ ते ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास उघड्यावर बोलत असत. शेजारच्या घरचा संच त्याच वाहिनीवर असेल तर सासू-सुनेचा संवाद तिसऱ्याच्याच कानी पडे. १९९० च्या दशकात आलेल्या अंकीय पद्धतीने हे पुष्कळसे थांबले, कारण तीत बोलणे सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय आहे. परंतु सोय असणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर आहे. २००८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये भरलेल्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले की बाजारातील कित्येक संच ही सोय वापरीतच नव्हते आणि त्यांचे बोलणे बाहेरच्या माणसाला ऐकता येत होते. तेव्हा जुनापुराणा कॉर्डलेस असेल तर त्यावरून बँकेचा क्रमांक, ठेवींची रक्कम, घर किती दिवस कुलूपबंद राहणार, अशा गोष्टी बोलू नयेत. त्यासाठी दोरीचाच फोन घ्यावा. नव्या संचाचा कारखान्यातून आलेला गुप्त क्रमांक बहुधा चार शून्यांचा असतो. तो पहिल्याच दिवशी बदलून घ्यावा.

लहरींचा देहावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर भीती न घालता आणि भाबडेपणाही न करता दिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये अशा लहरींची गणना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात केली. ‘कदाचित’ या शब्दाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शंका मात्र पूर्णपणे फिटलेली नाही, असा आहे. अंकीय कॉर्डलेसच्या रिसीव्हरची सरासरी शक्ती सुमारे दहा मिलीवॉट असते; दूरच्या मनोऱ्याशी बोलताना मोबाइलला याहून कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. बैठक मात्र बहुतेक संचांत, कोणी बोलत नसतानाही, लहरी सोडीतच असते. अंतर वाढले की लहरींचा जोर झपाट्याने घटतो. म्हणून बैठक उशाशी न ठेवता खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवावी. लांबलचक गप्पांसाठी रिसीव्हर टेबलावर ठेवून त्याचा स्पीकर लावावा. एवढे पुरे. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसविलेला आहे त्यांनी रिसीव्हर सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये, बोलताना तो पेसमेकरच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

कानाचाही विचार हवा. अगदी आरंभीच्या काही परदेशी संचांत घंटा रिसीव्हरच्या कानाकडील भागातूनच वाजे. बटण सरकविण्यास विसरून कोणी तो तसाच कानाला लावला आणि घंटा वाजली तर कानाला इजा होई; अमेरिकेतील कानाच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात अशा रुग्णांची नोंद केलेली आहे. आजच्या संचांत हा दोष सुधारला आहे, तरी बटण दाबल्यावर मग रिसीव्हर कानाला लावण्याची सवय चांगली. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना काही कॉर्डलेसमधून गुणगुण ऐकू येते. त्यांनी घेण्यापूर्वी दुकानातच कानाला लावून पाहावे.

याखेरीज एक धोका असा की तो यंत्रात नसून आपल्या चालण्यात आहे. दोरीचा फोन माणसाला एका जागी बसवीत असे. बिनदोरीचा फोन त्याला चालवितो. बोलत बोलत जिना उतरणे, ओल्या मोरीत पाऊल टाकणे, खांद्याने रिसीव्हर दाबून कढईत पुरी सोडणे, हे सारे दोरी गेल्यावर आले. सत्तरीच्या वयात मांडीचे हाड मोडले तर पुढचे आयुष्य कसे जाते हे आपण घरोघरी पाहतो. म्हणून बोलणे बसून व्हावे. घंटा वाजली म्हणून धावू नये. ज्याला काम आहे तो पुन्हा करील, ही गोष्ट मुलांनीही आईवडिलांना वारंवार सांगावी आणि स्वतः फोन लावल्यावर वीस-पंचवीस घंटांचा धीर धरावा. उलट, हाच रिसीव्हर योग्य जागी असेल तर प्राण वाचवितो. रात्री तो पलंगावरून हात पोहोचेल तेथे असावा. एकट्या राहणाऱ्याने अंघोळीस जाताना तो मोरीच्या दाराशी, कोरड्या जागी, खाली ठेवावा. पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या फोनपर्यंत जात नाही, जमिनीवरच्या रिसीव्हरपर्यंत जातो.

शेवटी पलीकडच्या आवाजाविषयी. यंत्र कितीही निर्दोष असले तरी त्यातून बोलणारा माणूस निर्दोष असेलच असे नाही. अलीकडे पोलिस, कस्टम किंवा सीबीआयचा अधिकारी असल्याची बतावणी करून वृद्धांना ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतात आणि त्यांच्या आयुष्याची पुंजी काढून घेतात. अशी कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनीही आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हे स्पष्ट केले होते. फोनवर दिसणारा क्रमांकही खोटा दाखविता येतो. बँक ओटीपी विचारीत नाही आणि ‘घरात कोणाला सांगू नका’ असे सांगणारा सरकारी माणूस नसतो. असा फोन आला तर वाद घालू नये, भिऊ नये. रिसीव्हर खाली ठेवावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. त्यात जितका विलंब तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. प्रत्येक कुटुंबाने आपसांत एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवावा. नातवाच्या आवाजात कोणी पैसे मागू लागला तर आधी तो शब्द विचारावा.

सारांश, एक कागद घ्यावा. त्यावर मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईने, ११२, रुग्णवाहिकेचा १०८, अग्निशमनाचा १०१, ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ आणि फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हे क्रमांक लिहावेत. त्यांखाली मुलाचा, मुलीचा, डॉक्टरांचा आणि एका चांगल्या शेजाऱ्याचा क्रमांक लिहावा. रिसीव्हरच्या पोटात साठविलेले क्रमांक बॅटरीबरोबर बुडतात, भिंतीवरचा कागद बुडत नाही. जुना दोरीचा संच माळ्यावरून उतरवून, पुसून, तारेला जोडावा.

आणि परगावी राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. पुढच्या खेपेस बडोद्यास याल तेव्हा नवा संच आणण्याआधी घरचा जुना संच वीज बंद करून एकदा वाजवून पाहा. आईवडील हे काम तुम्हांला सांगणार नाहीत. तुमच्या सुट्टीचे चार दिवस अशा गोष्टींत घालवू नयेत असे त्यांना वाटते. पण पावसाळ्याच्या एखाद्या रात्री, तुम्ही दूर असताना, तुमच्या कानी पडणारी घंटा त्यांच्याही घरात वाजत आहे, एवढी खात्री तुमच्यापाशी असावी.